सर्वेचा आकडा ४६ वर आला, आता करायचं काय? (अमेरिकेतलं कम्युनिटी कॉलेज)

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या इन्स्टिट्यूशनल रिसर्च विभागात (कॉलेजचीच आकडेवारी तपासणारा विभाग) काम करणारे दोघे-तिघे तरी इथे आहेत असं जुन्या धाग्यांवरून दिसतं, म्हणून मराठीतच विचारते.

कॉलेज सरकारी, दोन वर्षांच्या पदवीचं, साधारण सहा हजार विद्यार्थी, त्यातले दोन तृतीयांश पार्ट-टाइम. स्प्रिंग सत्रात (जानेवारी ते मे) सीसीएसएसई घेतला. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या केंद्रातर्फे चालणारा, खास कम्युनिटी कॉलेजांसाठीचा सर्वे. विद्यार्थी अभ्यासात आणि कॉलेजात किती गुंतलेत ते विचारतो.) ६४० उत्तरं आली. पाच बेंचमार्कपैकी (प्रश्नांच्या एकेका गटाचा मिळून एक आकडा) चार पन्नाशीच्या आसपास आहेत, 'सपोर्ट फॉर लर्नर्स' (विद्यार्थ्यांना मिळणारी मदत) मात्र ४६.२. तीन वर्षांपूर्वी तोच ४९.१ होता.

अहवाल वरच्या मजल्यावर पोचला आणि दोन गोष्टी सुरू झाल्या. एक, "आपली मदतव्यवस्था घसरली" अशी स्लाइड फिरायला लागली. दोन, विद्यार्थ्यांना फोनवर आठवणी पाठवणारं एक ॲप विकत घ्यायचा प्रस्ताव आला. सहा आठवड्यांत कृती-आराखडा द्यायचा आहे.

घसरण खरी मानायची का? आराखडा लिहिण्याआधी कुठला डेटा बघावा? आणि ॲप घेतलंच, तर त्याने फरक पडला की नाही हे पुढच्या वर्षी कसं कळणार?

हिशेबनीस

ती स्लाइड आधी थांबवा.

सीसीएसएसईचे बेंचमार्क असे बसवलेले असतात की तीन वर्षांच्या गटातल्या (त्या काळात सर्वे घेतलेली सगळी कॉलेजं) सगळ्या विद्यार्थ्यांची सरासरी ५० यावी आणि स्टँडर्ड डीव्हिएशन (उत्तरांचा पसारा) २५. त्यामुळे ६४० जणांच्या सरासरीचा स्टँडर्ड एरर (निव्वळ योगायोगाने ती किती हलू शकते) काढायचा तर २५ भागिले ६४० चं वर्गमूळ, म्हणजे जवळपास १. पण हा हिशेब ६४० विद्यार्थी सुटे सुटे चिठ्ठ्या टाकून निवडले असते तर लागू. इथे चिठ्ठी निघते वर्गांची. एका तुकडीतले वीस जण एकाच शिक्षकासमोर, एकाच वेळेला बसलेले. त्यांची उत्तरं थोडीफार एकमेकांच्या वळणावर जातात. हे साम्य शून्य ते एक या मापावर अगदी ०.०५ धरा आणि तुकडी सरासरी २० ची धरा: १ + (१९ × ०.०५) = १.९५. ६४० ला याने भागा, म्हणजे तुमची ६४० उत्तरं जेमतेम ३३० च्या तोलाची. एरर १ वरून १.४ वर गेला. मागच्या फेरीतही साधारण तेवढीच उत्तरं असतील, तर दोन फेऱ्यांमधल्या फरकाचा एरर २ च्या आसपास. तुमचा फरक २.९, म्हणजे एररच्या दीडपट. एवढ्यावर कोणाला ओरडा खायला लागू नये.

फरकाचा आकारही बघा: २.९ भागिले २५, म्हणजे ०.१२. केंद्राच्या तुलनात्मक तक्त्यांमध्येही ०.२ च्या खालच्या फरकापुढे खूण करत नाहीत.

याहून मोठी चूक वेगळीच आहे. ५० चा खुंटा दर वेळी नव्याने ठोकला जातो. तीन वर्षांपूर्वीचा ४९.१ तेव्हाच्या गटाच्या तुलनेत होता, आताचा ४६.२ आताच्या गटाच्या तुलनेत. तुमच्या कॉलेजात काडीचाही फरक न पडता बाकीची कॉलेजं सुधारली, तरी तुमचा आकडा खाली येतो. स्वतःची स्वतःशी तुलना करायची असेल तर शून्य ते एक या मापावरचे रॉ स्कोअर घ्या, नाहीतर सरळ एकेका प्रश्नाची टक्केवारी शेजारी शेजारी मांडा. आणि जुनी फेरी २०१७ च्या आधीची असेल तर आणखी सांभाळून, कारण त्या वर्षी प्रश्नावलीच बदलली.

आता 'सपोर्ट फॉर लर्नर्स' उघडून बघा. आत सात प्रश्न आहेत. यशस्वी व्हायला लागणारी मदत कॉलेज देतं का; वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांशी संपर्क वाढवतं का; घर-नोकरीची ओढाताण निभावायला हात देतं का; चारचौघांत मिसळायला मदत करतं का; पैशांची मदत पुरेशी आहे का; आणि शेवटचे दोन म्हणजे शैक्षणिक सल्ला आणि करिअरचा सल्ला किती वेळा घेतला. पहिले पाच "कॉलेज किती भर देतं" या प्रकारचे, म्हणजे विद्यार्थ्याचं मत. शेवटचे दोन "किती वेळा", म्हणजे वापर. मत घसरलं तर उपाय एक, वापर घसरला तर दुसरा. ही सातही एका आकड्यात घोटली की आराखड्यात "मदतव्यवस्था बळकट करणे" असलं वाक्य येतं, ज्याचा अर्थ कोणालाच लागत नाही. सात ओळी, दोन वर्षं, आणि फुल-टाइम, पार्ट-टाइम असे चार रकाने: एवढा एक तक्ता पुढच्या बैठकीला न्या. बहुतेक वेळा घसरण सातात विभागलेली नसते, एक-दोन प्रश्नांतच असते.

तिरपा आलेख

वरच्या प्रतिसादाशी सहमत. पण मला त्याहून मोठी अडचण ही दिसते की जो कॉलेज सोडून गेला त्याच्यापर्यंत हा सर्वे पोचतच नाही. सर्वे स्प्रिंगमध्ये, वर्गात बसलेल्यांना. ऑगस्टमध्ये आलेली मुलगी डिसेंबरात गळाली तर तिचं मत यात शून्य. शिवाय वर्ग निवडल्यामुळे चार विषय घेणारा विद्यार्थी दोन विषय घेणाऱ्याच्या दुप्पट वेळा जाळ्यात सापडतो. तेवढं वेट (उत्तरांना कमी-जास्त वजन) लावून दुरुस्त केलेलं असतं, पण वेट फक्त आलेल्या उत्तरांनाच लावता येतं. पारंपरिक पद्धतीत ऑनलाइन तुकड्याही नमुन्यात नसतात. तुमच्या फेरीत होत्या का ते तपासा.

म्हणून आराखड्याआधी स्वतःच्या नोंदी बघा. सहा आठवडे पुष्कळ झाले, दोन पुरतात.

मागच्या फॉलची (ऑगस्टात सुरू होणारं सत्र) सेन्सस-डेला (अधिकृत पटसंख्या धरायचा दिवस) गोठवलेली फाइल घ्या, चालू टेबल नको. चालू टेबलात लोक मागाहून विषय टाकतात, नावं बदलतात, आणि आज काढलेला आकडा पुढच्या महिन्यात जुळत नाही. पदवी किंवा सर्टिफिकेटसाठी आलेले सगळे ठेवा, पार्ट-टाइमसकट. त्यातले या फॉलला परत न आलेले काढा. त्यातून पदवी घेऊन गेलेले वजा करा. उरलेली यादी नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउसच्या (कॉलेजांच्या नोंदणीची माहिती एकत्र ठेवणारी संस्था) स्टुडंटट्रॅकरला पाठवा म्हणजे दुसऱ्या कॉलेजात गेलेले कळतील. इथे दोन ठेचा लागतात. शोध सुरू करायची तारीख तुमच्याच सत्राच्या मधली टाकली तर तुमचीच नोंद परत येते आणि सगळे "ट्रान्सफर" झाल्यासारखे वाटतात. आणि सप्टेंबरात विचारलं तर बऱ्याच कॉलेजांनी फॉलची नोंद पाठवलेलीच नसते. नोव्हेंबरात परत एकदा विचारा. फेर्पाखाली (विद्यार्थ्यांच्या नोंदी खाजगी ठेवणारा अमेरिकी कायदा) ज्यांनी आपली माहिती अडवून ठेवली आहे ते सापडणार नाहीत, त्यांना "गळालेले" समजू नका, वेगळा रकाना करा.

आता हातात राहिले ते पदवी न घेता, दुसरीकडेही न जाता थांबलेले. यांचे दोन भाग करा: जीपीए (चारपैकी सरासरी गुण) २.० च्या वर आणि खाली. वरचा गट बघून मंडळी गप्प होतात, कारण अभ्यास जमत असूनही ही मुलं गेलेली असतात.

या वरच्या गटावर पुढच्या नोंदणीच्या काळात कुठला होल्ड (नोंदणी अडवणारी खूण) होता ते जोडा. प्रकार, रक्कम, लागल्याची तारीख, उठल्याची तारीख. शंभर डॉलरच्या आतले किती? ग्रंथालयाचा दंड, पार्किंगचा दंड, राहिलेली लॅब-फी असल्या चिल्लर रकमेपायी नोंदणीचं पानच उघडत नाही असे विद्यार्थी सापडले, तर आराखड्याचं पहिलं कलम तुम्हाला मिळालं, आणि ते ॲपहून फार स्वस्त आहे. सावध मात्र राहा: होल्डच्या टेबलात "सध्या चालू" एवढेच बघितले तर नंतर फेडलेले दिसत नाहीत, आणि काही होल्ड कॉलेज सरसकट सगळ्यांना लावतं (उदाहरणार्थ सल्लागाराला भेटल्याशिवाय नोंदणी नाही). असा सरसकट होल्ड परत न आलेल्यांच्या नावावर दिसणारच, तो जाण्याचं कारण नव्हे.

मग त्याच गटातली ४० नावं चिठ्ठ्या टाकून काढा आणि फोन करा. संध्याकाळी साडेपाच ते आठ, आधी एक टेक्स्ट, तीन प्रयत्न, मग पुढचं नाव. "तुम्ही का सोडलं?" असं विचारू नका. त्यावर "पैसे" किंवा "वेळ" असं एका शब्दाचं उत्तर येतं. "गेल्या सत्राच्या शेवटच्या दोन आठवड्यांत काय काय झालं ते क्रमाने सांगाल?" असं विचारा. उत्तरं शब्दशः टिपून दोघांनी स्वतंत्रपणे गटवारी करा आणि मग जुळवा. चाळीस फोनांतून टक्केवारी काढू नका, ती काढण्याइतके ते नाहीत. कुठल्या दारात माणसं अडकतात तेवढं त्यातून कळतं.

जाता जाता: वरच्या मजल्यावरून कोणीतरी आयपेड्सचा (कॉलेजांची केंद्र सरकारी आकडेवारी) पदवी-दर काढून दाखवेलच. तो फक्त फॉलमध्ये पहिल्यांदाच आणि फुल-टाइम आलेल्यांचा, दुप्पट नव्हे तर दीडपट मुदतीत, म्हणजे दोन वर्षांच्या पदवीला तीन वर्षांत. तुमचे दोन तृतीयांश विद्यार्थी त्या छेदातच नाहीत. त्यांच्यासाठी आयपेड्समधलाच आउटकम मेझर्सचा भाग बघा; २०१५-१६ पासून त्यात पार्ट-टाइम आणि दुसरीकडून आलेले असे सगळे आठ वर्षांपर्यंत मोजतात.

ओसरीवरून

दोघांनी गणित चोख मांडलंय, पण प्रश्नाचे शब्दही तपासायला हवेत. "ॲकॅडमिक ॲडव्हायजिंग किती वेळा घेतलं" याला "कधीच नाही" असं उत्तर देणारे बरेच जण प्रत्यक्षात सल्लागाराच्या टेबलाशी बसून आलेले असतात. त्यांच्या लेखी ते ॲडव्हायजिंग नसतंच, "क्लासेससाठी साइन-अप केलं" एवढंच असतं. सर्वेच्या शेवटी विद्यार्थी-क्रमांक विचारतात. ज्यांनी तो दिलाय त्यांची उत्तरं भेटींच्या नोंदवहीशी ताडून बघा. "कधीच नाही" म्हणणाऱ्यांतले निम्मे नोंदवहीत दिसले, तर भेट होतेय पण त्यात सल्ला नाही. कोणीच दिसले नाहीत, तर भेटच होत नाही. आकडा तोच, रोग निराळे.

शिवाय पाच-सहा विद्यार्थ्यांना प्रश्न मोठ्याने वाचायला सांगा आणि "हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा" म्हणा. अर्धा तास प्रत्येकी, दहा डॉलरचं कॅफेटेरियाचं कुपन. याहून स्वस्त संशोधन नाही.

आता ॲप. पुढच्या वर्षी परत सीसीएसएसई घेऊन आकडा वर गेला का बघू, असा बेत असेल तर आत्ताच सोडा. खाली आलेला आकडा पुढच्या खेपेला आपसूकच थोडा वर सरकतो, आणि त्याचं श्रेय विकणारा घेऊन जातो.

नीट मोजायचं तर पहिल्या सत्रात ॲप निम्म्यांनाच द्या, आणि ते निम्मे चिठ्ठ्या टाकून ठरवा. परवानेही बहुधा सगळ्यांपुरते घेतलेले नसतात, तेव्हा चिठ्ठी हाच न्याय्य मार्ग. कॉलेजच्या आयआरबीला (माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी समिती) आधी एक पानाचं पत्र द्या. आणि किती विद्यार्थी लागतील ते आधी बघा. पुढच्या सत्रात परत येणाऱ्यांचं प्रमाण ५० वरून ५५ टक्के झालं हे ८० टक्के खात्रीने पकडायचं तर प्रत्येक गटात साधारण १,५६० जण हवेत. ५० वरून ६० पकडायला ३९० पुरतात. फोनवरच्या आठवणींनी दहा टक्क्यांची उडी? सहा हजारांच्या कॉलेजात नवे विद्यार्थी सत्राला किती येतात ते मोजा, म्हणजे ५ टक्क्यांचा फरक तुमच्या आवाक्यात आहे का ते कळेल. नसेल तर आधीचे टप्पे मोजा: नोंदणी उघडल्यापासून तीन आठवड्यांत किती जणांनी विषय घेतले, पहिल्या वर्षात कॉलेज-पातळीचं गणित आणि इंग्रजी किती जणांनी पास केलं.

तुलनेला सीयूएनवायचा (न्यूयॉर्क शहराचं सरकारी विद्यापीठ) एसॅप बघा. कम्युनिटी कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना पदवीपर्यंत नेण्यासाठी २००७ साली सुरू झालेला कार्यक्रम. एमडीआरसी या संशोधन संस्थेने तिथे खरोखर चिठ्ठ्या टाकून ८९६ विद्यार्थ्यांवर चाचणी केली. तीन वर्षांत पदवी घेणारे कार्यक्रमातले ४० टक्के, बाहेरचे २२. ओहायोतल्या तीन कॉलेजांत तीच पद्धत नेली तिथेही प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. त्यात होतं काय? फुल-टाइम शिकायची अट, आर्थिक मदत वजा जाता फीचा उरलेला भाग माफ, पुस्तकांचा खर्च, मेट्रोकार्ड (बस-रेल्वेचा पास), आणि एका सल्लागारामागे ६० ते ८० विद्यार्थी, जिथे कॉलेजातल्या बाकीच्यांना एका सल्लागारामागे ६०० ते १,५०० होते. फरक आला तो या सगळ्याच्या बेरजेने. तुमच्याकडे एका सल्लागारामागे किती विद्यार्थी आहेत हा आकडा त्या स्लाइडवर आहे का? नसेल तर तोच पहिला टाका.

नाचणी

विषयाला थोडा फाटा. आमच्याकडे पुण्याच्या बाजूला नॅकचा (कॉलेजांना मान्यता देणारी संस्था) विद्यार्थी-समाधान सर्वे असतो, २१ प्रश्नांचा: वीस पर्यायी आणि एक मोकळा. वरचं सगळं त्याला लागू होतं का?

हिशेबनीस

@नाचणी, अर्धंच. तो सर्वे मान्यतेच्या गुणांसाठी आहे, त्यामुळे उत्तरांचा कॉलेजच्या मान्यतेवर परिणाम, आणि वर्गावर्गात जाऊन "चांगलं लिहा" सांगितलं जातं ते सगळ्यांना माहीत आहे. ज्या मोजमापावर बक्षीस टांगलंय ते सुधारणेसाठी वापरता येत नाही. सुधारणेसाठी वेगळे तीन-चार प्रश्न, नाव न विचारता, चौथ्या आठवड्यात, वर्गात पाच मिनिटं काढून घ्या. आणि त्यातल्या एकाच्या उत्तरावर काय केलं ते आठव्या आठवड्यात त्याच वर्गात सांगा. ते सांगितलं नाही तर पुढच्या फेरीत अर्धे कागद कोरे येतात.

हा चौथा आठवडा @पाटीपेन्सिल यांनाही उपयोगी. त्याच केंद्राचा सेन्स नावाचा सर्वे फॉलच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात नव्यांना विचारतो, म्हणजे गळणारे गळायच्या आत. तुमचा रोग पहिल्या सत्रातला असेल तर स्प्रिंगच्या आकड्यांवर डोकं फोडण्यात अर्थ नाही.

पाटीपेन्सिल

मंडळी, सगळ्यांचे आभार. सात प्रश्नांचा तक्ता केला. पाच प्रश्न जागच्या जागी आहेत, घसरलेत ते सल्ल्याचे दोन, आणि तेही पार्ट-टाइममध्येच. भेटींच्या नोंदवहीशी जोडायला गेले तर ६४० पैकी ४१० जणांनीच क्रमांक दिलाय, आणि त्यातले ५७ जुळतच नाहीत. विद्यार्थ्यांनी चुकीचे लिहिले असावेत का?

तिरपा आलेख

थोडे चुकीचे असतील, पण ५७ नाहीत. फाइल एक्सेलमध्ये उघडली होती का? शून्याने सुरू होणारे क्रमांक एक्सेल संख्या समजतो आणि सुरुवातीची शून्यं खातो. न जुळणाऱ्या ५७ ची लांबी मोजा. बाकीचे सात अंकी आणि हे सहा अंकी निघाले तर तेच. मूळ फाइल परत आणा, क्रमांकाचा रकाना टेक्स्ट म्हणून वाचा, मग जोडा. जोडल्यावर ओळी मोजा: ४१० च्या ४१० च राहायला हव्यात. वाढल्या तर नोंदवहीत एका विद्यार्थ्याच्या अनेक भेटींच्या अनेक ओळी आहेत. आधी दर विद्यार्थ्यामागे भेटींची बेरीज करून एक ओळ करा.

आणि क्रमांक न देणारे २३० कोण ते बघा. नावं कळणार नाहीत, पण वय, पार्ट-टाइम की फुल-टाइम, नोकरीचे तास ही उत्तरं त्याच कागदावर आहेत. क्रमांक देणारे आणि न देणारे शेजारी ठेवा. न देणाऱ्यांत "सल्ला कधीच नाही" जास्त असेल, तर जोडलेल्या फाइलमधलं चित्र खऱ्याहून गोड आहे असं अहवालात एका ओळीत लिहा. आणि कुठल्याही गटात दहापेक्षा कमी जण उरले तर तो रकाना बाहेर दाखवू नका, नाहीतर छोट्या कॉलेजात माणूस ओळखू येतो.

ओसरीवरून

पार्ट-टाइमच घसरलेत म्हणता, तर सल्लागारांच्या टेबलाची वेळ काय आहे? पाचला बंद होत असेल तर भेटींच्या नोंदवहीत वेळेचा रकाना असतोच. तासानुसार भेटी मांडा आणि त्याच्या खाली पार्ट-टाइमवाल्यांच्या वर्गांच्या वेळा ठेवा.

पाटीपेन्सिल

शून्यांचंच होतं, ५७ पैकी ५१ जुळले. टेबल साडेचारला बंद होतं. पार्ट-टाइमवाल्यांचे निम्म्याहून जास्त वर्ग साडेपाचनंतरचे आहेत. तासांचा तक्ता उद्या बैठकीत नेतेय.